‘मी काहीच केलं नाही’

समुपदेशनाच्या खोलीत एक वाक्य मी वारंवार ऐकत आले आहे. समोरची बाई खुर्चीत पुरती टेकलेली नसते. पदराचं नाहीतर ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडवत ती बराच वेळ भलतंच काहीतरी सांगत राहते. घर किती लांब आहे, धाकट्याला ताप आहे, शेवटची एसटी किती वाजता आहे. आणि मग एकदम म्हणते, ‘मी काहीच केलं नाही हो ताई.’

या वाक्याला दोन अर्थ आहेत, हे मला फार उशिरा कळलं. पहिला अर्थ असा, की यात माझा दोष नाही. मी त्याला बोलावलं नव्हतं, नादी लावलं नव्हतं. दुसरा असा, की तो ते करत होता तेव्हा माझ्याकडून काहीच झालं नाही. मी ओरडले नाही, चावले नाही, पळाले नाही. एकाच दमात ती स्वतःची बाजू मांडते आणि स्वतःवर आरोपही ठेवते. आपल्या न्यायालयांनी शंभराहून अधिक वर्षं यातला दुसरा अर्थ तेवढा ऐकला आणि त्याच्या जोरावर पहिला खोटा ठरवला. पुढच्या पानांत कायद्याची कलमं आहेत, वैद्यकीय तपासणीची माहिती आहे, तक्रार कुठे आणि कशी करायची हे आहे. ते सगळं लिहिताना हे एक वाक्य माझ्या कानात होतं.

त्या वाक्याचं कायद्याशी काय नातं आहे, ते कळण्यासाठी महाराष्ट्रातल्या वाचकाला फार लांब जावं लागत नाही. देसाईगंजपर्यंत जावं लागतं.

वैनगंगेजवळचं हे गाव आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९७२ मध्ये ते चंद्रपूर जिल्ह्यात मोडायचं; गडचिरोली वेगळा झाला १९८२ मध्ये. रेल्वेने जाणारे त्याला वडसा म्हणतात. तिथल्या एका मुलीचे आईवडील वारले होते. ती भावाजवळ राहायची, मोलमजुरी करायची. ज्या बाईच्या घरी ती कामाला जायची, तिच्या बहिणीच्या मुलाशी तिचं मन जुळलं आणि दोघांनी लग्न करायचं ठरवलं. बहिणीला पळवून नेल्याची तक्रार भावाने पोलिसांत दिली. २६ मार्च १९७२ च्या रात्री सगळ्यांना ठाण्यावर आणलं गेलं, जबाब झाले आणि साडेदहाच्या सुमाराला सगळे घरी निघाले. तेव्हा एका शिपायाने तिला थांबवून घेतलं आणि बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं. ती बाहेर आली तेव्हा तिने सांगितलं, की शिपायाने तिच्यावर बलात्कार केला, आणि नंतर हवालदाराने तिच्या अंगावर हात टाकला. तो इतका प्यायलेला होता, की त्याला पुढे काही करता आलं नाही.

या मुलीचं नाव मी लिहिलेलं नाही. चळवळीत हा खटला तिच्याच नावाने ओळखला जातो, आणि ज्यांनी तो ओळखीचा केला त्यांच्याबद्दल मला आदर आहे. कायद्याच्या अहवालांत मात्र तो आरोपी हवालदाराच्या नावावर आहे : तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, असं सांगणारं कलम तिच्या खटल्यामुळे पेटलेल्या आंदोलनानंतर आलं. पुढच्या सगळ्याजणींना त्याचा आडोसा मिळाला, तिला तेवढा मिळाला नाही. तो निदान या पानांवर तरी तिला द्यावा, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी रात्री डॉक्टरांनी तिला तपासलं. अंगावर जखम नव्हती. योनिपटल पूर्वीच फाटलेलं आहे, दोन बोटं सहज आत जातात, असं त्यांनी लिहिलं आणि वयाचा अंदाज दिला चौदा ते सोळा. या दोन-तीन ओळींवर पुढची सहा वर्षं खटला फिरत राहिला. तेव्हा संमतीचं वय सोळा होतं. तिचं वय त्याच्या आतलं धरलं गेलं असतं, तर ती हो म्हणाली की नाही, हा प्रश्नच उरला नसता. पण लढाई झाली ती संमतीवर.

चंद्रपूरच्या सत्र न्यायाधीशांनी १ जून १९७४ ला दोघांनाही सोडलं. मुलगी खोटारडी आहे, तिला शरीरसंबंधाची सवय आहे, आणि बाहेर जमलेल्या लोकांत तिचा होणारा नवरा होता म्हणून आपण चांगल्या आहोत हे दाखवायला तिने बलात्काराची गोष्ट रचली, असं त्यांचं म्हणणं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ ला हा निकाल फिरवला. तिच्यासाठी हे पोलीस पूर्ण अनोळखी होते. त्यांच्याकडे ती आपणहून कशाला जाईल? आणि भीतीने, निरुपायाने अंग हवाली करणं म्हणजे संमती नव्हे. शिपायाला पाच वर्षं आणि हवालदाराला एक वर्ष शिक्षा झाली. त्या खंडपीठाने तिचं वाक्य दोन्ही अर्थांनी ऐकलं होतं.

१५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी दोघांना निर्दोष ठरवलं. अंगावर जखमा नाहीत म्हणजे प्रतिकार झाला नाही. शिपायाने हात धरला तेव्हा भाऊ शेजारी होता, आपली माणसं शेजारी होती, तरी ती ओरडली नाही. मुकाट्याने त्याच्यामागे गेली. जिवाची किंवा मारहाणीची भीती दाखवल्याचा पुरावा नाही. म्हणजे जे घडलं ते शांतपणे घडलं, असा तो युक्तिवाद. रात्रीची वेळ, पोलीस ठाण्याची चार भिंतींची जागा, समोर वर्दी, आणि तिने ज्या भावाला हाक मारावी अशी अपेक्षा, त्याच भावाची तक्रार घेऊन तिला तिथे आणलेलं. हे सगळं निकालातल्या घटनाक्रमात लिहिलेलं आहे. त्याचं वजन मात्र कुणी केलं नाही.

एका वर्षाने, १६ सप्टेंबर १९७९ ला, कायदा शिकवणाऱ्या चौघांनी देशाच्या सरन्यायाधीशांना एक खुलं पत्र लिहिलं. दिल्ली विद्यापीठातले उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. प्राध्यापकांनी सर्वोच्च न्यायालयाला असं उघड पत्र लिहिण्याची तेव्हा रीत नव्हती. पत्रातला मुद्दा कुठल्याही मराठी बाईला समजावा इतका साधा आहे : संमतीत शरण जाणं असू शकतं, पण शरण जाण्यात संमती असतेच असं नाही. ते पत्र हातोहात फिरलं. मुंबईत बलात्काराविरुद्ध मंच उभा राहिला, १९८० च्या ८ मार्चला शहराशहरांत बायका रस्त्यावर आल्या, नागपुरात सीमा साखरेंसारख्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न लावून धरला. निकाल बदलला नाही. कायदा बदलला, १९८३ मध्ये. पोलीस ठाणं, तुरुंग, सुधारगृह, रुग्णालय अशा ताब्याच्या जागेत संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि ती म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालय ती नव्हती असंच गृहीत धरील, हे तेव्हा लिहिलं गेलं. खटला बंद दालनात चालवणं, तिचं नाव न छापणं, किमान सात वर्षांची शिक्षा, हेही त्याच दुरुस्तीतलं.

मात्र ताब्यात नसलेल्या, आपल्याच घरात, शेतात, शिकवणीच्या खोलीत गप्प राहिलेल्या बाईसाठी आणखी तीस वर्षं जावी लागली. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत एका तरुणीवर बसमध्ये जे झालं, त्यानंतर न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा, न्यायमूर्ती लीला सेठ आणि गोपाल सुब्रमण्यम यांच्या समितीने महिन्याभरात अहवाल दिला आणि २०१३ मध्ये कायद्याची भाषाच बदलली. संमती म्हणजे त्या विशिष्ट कृतीला स्पष्टपणे आणि आपखुशीने दिलेला होकार. तो शब्दांतून असो, खुणेतून असो. आणि त्याला जोडून एक वाक्य : केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती होती असं धरता येणार नाही. हे वाक्य मी कार्यशाळांमध्ये मोठ्याने वाचून दाखवते, दोनदा. देसाईगंजच्या मुलीला ते १९७८ मध्ये हवं होतं. पस्तीस वर्षं उशिरा आलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या ३७५ व्या कलमाचा क्रमांक आता ६३ आहे, पण हे वाक्य जसंच्या तसं टिकलं आहे.

कायद्याने एवढी मजल मारली, तरी आपण बोलतो ती भाषा मागेच राहिली, असं मला वाटतं. ‘बलात्कार’ या शब्दातच बळ आहे. बळ वापरल्याची खूण दिसली नाही की ऐकणाऱ्याला शब्द चुकीचा वाटू लागतो. वर्तमानपत्रं ‘अतिप्रसंग’ लिहितात, जणू एखादा प्रसंग थोडा हाताबाहेर गेला. ‘विनयभंग’मध्ये विनय तिचा आणि भंगही तिचाच; ज्याने केलं तो शब्दात कुठेच नाही. ‘अब्रू गेली’ म्हटलं की जाणारी वस्तू तिच्याजवळची असते आणि शोधायची जबाबदारीही तिच्याच घरच्यांवर येते. खेड्यातली बाई यातलं काहीच म्हणत नाही. ती म्हणते, ‘त्याने माझ्याशी वाईट काम केलं.’ लहान मुलगी म्हणते, ‘त्यांनी मला तिथे हात लावला.’ कागदावर ते ‘शारीरिक संबंध प्रस्थापित केले’ असं उतरतं आणि त्या एका क्रियापदात तिचा नकार विरघळून जातो. फिर्याद लिहून घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की तिचे शब्द तिच्याच तोंडचे ठेवा, ओबडधोबड असले तरी.

व्याख्येबद्दल थोडं. २०१३ च्या आधी बलात्कार म्हणजे पुरुषाच्या इंद्रियाचा योनीत प्रवेश, एवढाच. १९७३ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या तरुण परिचारिकेवर तिथल्याच सफाई कर्मचाऱ्याने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून हल्ला केला. ती बेचाळीस वर्षं तशीच अंथरुणावर राहिली आणि २०१५ मध्ये गेली. तिचं नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. हल्लेखोराला शिक्षा झाली ती चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाबद्दल, सात वर्षं. लैंगिक अत्याचाराचं कलम त्याच्यावर लागलंच नाही, आणि तिच्यावर झालेला अत्याचार गुदमार्गाचा असल्याने तेव्हाच्या व्याख्येत तो बलात्कार ठरलाही नसता. आजच्या व्याख्येत योनी, गुद, मूत्रमार्ग, तोंड हे सगळं येतं. आणि इंद्रियच नव्हे, कुठलीही वस्तू, शरीराचा कुठलाही भाग. धमकी देऊन, नशा पाजून, नवरा असल्याचं भासवून मिळवलेला होकार हा होकार नाही. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या होकाराला कायद्यात अर्थ नाही. प्रवेश झालेला नसतानाही अनेक कृती गुन्हा आहेत : विवस्त्र करणं, चोरून पाहणं, चित्रण करणं, पाठलाग करणं, लैंगिक छळ.

मुलांसाठीचा २०१२ चा पोक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, हे त्याचं मोठं बळ. त्यातला ‘स्पर्श’ कपड्यावरून चालतो की त्वचेला त्वचा लागायला हवी, असा वाद नागपूर खंडपीठाच्या २०२१ च्या एका निकालाने निर्माण केला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो निकाल रद्द केला आणि महत्त्व हेतूला आहे, कातडीला नाही, हे स्पष्ट केलं. चिमुकलीच्या फ्रॉकचं कापड मध्ये होतं म्हणून गुन्हा हलका कसा होईल?

व्याख्येत मोठी भोकंही आहेत. सगळ्यांत मोठं घरातलं. पत्नी अठरा वर्षांवरची असेल, तर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार नाही, हा अपवाद ६३ व्या कलमात आजही उभा आहे. ही वयाची रेषा इथपर्यंत कशी आली, हे पाहिलं तर आपण किती सावकाश चालतो ते कळतं. १८६० च्या दंड संहितेत संमतीचं वय होतं दहा. १८९० मध्ये कलकत्त्यात एक अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संबंधानंतर रक्तस्राव होऊन मेली. ती दहाच्या वर होती म्हणून नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा बसला नाही, त्याला वर्षभराची शिक्षा झाली ती गंभीर दुखापतीबद्दल. १८९१ मध्ये वय बारा झालं, तेही पुण्यात टिळक आणि आगरकर आमनेसामने उभे राहिल्यावर. त्याच्याही आधी, १८८७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंना सांगितलं होतं, की नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. समज नसताना लावलेलं लग्न मला बांधत नाही, असं म्हणणारी ही मराठी मुलगी पुढे डॉक्टर झाली. नवरा-बायकोतल्या संमतीचा प्रश्न बाहेरून आलेला आहे, असं म्हणणाऱ्यांना मी तिचं नाव सांगते. लग्नातल्या अल्पवयीन मुलीला पूर्ण संरक्षण मिळालं २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. प्रौढ पत्नीबाबत दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी २०२२ मध्ये परस्परविरुद्ध निकाल दिले आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तोवर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. त्यात लैंगिक हिंसेचा उल्लेख आहे, संरक्षणाचा आदेश मिळतो. पण माझ्यासमोर बसलेली बाई जेव्हा विचारते, ‘नवऱ्याने केलं तर त्याला काय म्हणायचं?’, तेव्हा माझ्याकडे तिला द्यायला कायद्यातला शब्द नसतो.

दुसरं भोक अलीकडचं. जुन्या संहितेत ३७७ वं कलम होतं. २०१८ मध्ये संमतीने होणारे समलिंगी संबंध त्यातून योग्यच वगळले गेले आणि संमतीविना केलेली कृती तेवढी गुन्हा राहिली. नव्या संहितेत ते कलमच नाही. परिणाम असा, की प्रौढ पुरुषावर बलात्कार झाला तर त्या नावाचं, त्या तोलाचं कलम आज लावता येत नाही; मारहाण, डांबून ठेवणं अशा आडवळणाने जावं लागतं. तृतीयपंथी व्यक्तींच्या २०१९ च्या कायद्यात लैंगिक अत्याचाराला शिक्षा आहे सहा महिने ते दोन वर्षं. स्त्रीवर तोच अत्याचार झाला तर किमान दहा. हा फरक मला वाचवत नाही.

आता पुन्हा त्या गप्प राहण्याकडे. स्टॉकहोममध्ये बलात्कार झालेल्या स्त्रियांसाठी तातडीचा दवाखाना आहे. तिथे आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सत्तर टक्के स्त्रियांनी सांगितलं, की त्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात थिजून गेलं होतं. इच्छा असून हलता येत नव्हतं, आवाज निघत नव्हता. ज्यांचं शरीर असं थिजलं, त्यांना पुढे मानसिक आघाताचा त्रास आणि नैराश्य जास्त झालं. म्हणजे जी प्रतिकार करू शकली नाही, तिची जखम अधिक खोल गेली. आणि न्यायालयात तिलाच ‘जखम नाही’ म्हणून परत पाठवलं जात होतं.

हा अभ्यास स्वीडनचा असला, तरी हे ज्ञान मराठीत जुनंच आहे. वाचा बसली. हातपाय गळाले. दातखीळ बसली. पाय जमिनीला खिळले. अंगातलं त्राणच गेलं. वाघ समोर आला, साप अंगावरून गेला, घराला आग लागली, की हे शब्द आपण सहज वापरतो आणि ‘मग तू ओरडला का नाहीस?’ असं कुणाला विचारत नाही. मी आता समोरच्या बाईला हेच शब्द देते. ‘वाचा बसली होती का?’ असं विचारलं, की कित्येकजणी पहिल्यांदा मान वर करतात.

आणि समोर आलेला वाघ बहुतेक वेळा ओळखीतला असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२१ मध्ये देशात बलात्काराचे ३१,६७७ गुन्हे नोंदले गेले. त्यांतल्या साडेशहाण्णव टक्के गुन्ह्यांत आरोपी तिच्या ओळखीचा होता. बातम्यांतला ‘नराधम’ हा शब्द मला यासाठी खटकतो. तो वाचून डोळ्यांपुढे अंधारातला राक्षस उभा राहतो, आणि ज्याला आपण काका, दादा, सर म्हणतो तो नजरेआड होतो. ज्याच्या हातचं पाणी प्यायलो, त्याच्याविरुद्ध बोलायला वेळ लागतो. आधी स्वतःला पटवावं लागतं, मग आईला, मग नवऱ्याला. तक्रारीला उशीर झाला म्हणजे ती खोटी, हे गणित इथेच फसतं. उशीर का झाला ते पाहा, केवळ उशिरावरून संशय घेऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलेलं आहे. आकड्यांबद्दल एवढंच, की ते नोंदलेल्या गुन्ह्यांचे आहेत. जी माझ्यासमोर बसून बोलते आणि ‘पण कुठे लिहू नका’ म्हणते, ती त्यांत नाही.

व्याख्यानानंतर पहिला हात वर होतो तो ठरलेल्या प्रश्नासाठी : ‘खोट्या केसेसचं काय?’ मी तो प्रश्न झटकत नाही. आरोपीला वकील, उलटतपासणी, संशयाचा फायदा हे सगळं मिळायलाच हवं. त्यात कपात करून कुठलीही बाई सुरक्षित होत नाही. पण खोट्या म्हणून ज्या फायली मला दाखवल्या जातात, त्यांतल्या पुष्कळ एकाच साच्याच्या असतात. सतरा वर्षांची मुलगी, एकोणीस वर्षांचा मुलगा, जात वेगळी, दोघं पळून गेलेली. तक्रार बापाची किंवा भावाची. मुलगी सांगत असते की मी माझ्या मनाने गेले, आणि पोक्सोत तिच्या म्हणण्याला जागा नाही. देसाईगंजची ती रात्रसुद्धा अशाच एका तक्रारीने सुरू झाली होती. संमतीचं वय सोळावरून अठरा करताना मुलांचं रक्षण हा हेतू खरा होता. पण जिथे मुलीचा होकारही मोजायचा नाही, तिथे तिच्या नकाराला तरी किंमत येईल का, ही शंका मला सोडत नाही. या प्रश्नावर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात माझं मत ठाम नाही, हे आधीच सांगून ठेवते.

वैद्यकीय तपासणीच्या प्रकरणाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावं. ज्या दोन बोटांच्या तपासणीने देसाईगंजच्या मुलीला ‘सवयीची’ ठरवलं, ती पुढे चाळीस वर्षं चालू राहिली. तिच्याविरुद्ध एक नेटाचा आवाज विदर्भातूनच उठला. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तपासण्या किती अशास्त्रीय आणि अपमानकारक पद्धतीने होतात याचा अहवाल तयार केला आणि त्याच्या आधारे २०१० मध्ये नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही तपासणी स्त्रीच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग आहे असं म्हटलं, केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये तपासणीची नवी कार्यपद्धती दिली, आणि २०२२ च्या ऑक्टोबरअखेर सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की ही तपासणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल. संभोगाची सवय आहे की नाही, याचा बलात्कार झाला की नाही याच्याशी संबंध नाही. पुरावा कायद्यात तिच्या ‘चारित्र्या’वर बोट ठेवायची जी मुभा होती, तीही २००३ पासून गेली. तरी उलटतपासणीत आडून प्रश्न येतातच. तेव्हा सरकारी वकिलाने हरकत घ्यायला उभं राहायला हवं, आणि तो उभा राहत नसेल तर सोबत गेलेल्या कार्यकर्तीला निदान हे माहीत हवं, की तसा प्रश्न विचारता येत नाही.

ज्यांच्या हातात हे पुस्तक अडीअडचणीच्या वेळी पडेल, त्यांच्यासाठी तीन-चार गोष्टी इथेच सांगते, पान शोधायला लागू नये म्हणून. गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात फिर्याद द्यायचा तिला हक्क आहे. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर चालत नाही. फिर्याद स्त्री अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते. ती टाळणारा पोलीस स्वतः गुन्हेगार ठरतो. सरकारी असो की खासगी, कुठल्याही रुग्णालयाने तिच्यावर प्रथमोपचार आणि उपचार मोफत करायलाच हवेत. आधी पोलिसांचं पत्र आणा, असं म्हणता येत नाही. आंघोळ झाली असली, कपडे धुतले असले, चार दिवस उलटले असले, तरी यावं. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. तिच्यातून आर्थिक मदत आणि समुपदेशन मिळतं, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. आणि सोबत जाणाऱ्याने एक करावं : ती सांगत असताना मध्ये ‘का’ने सुरू होणारा प्रश्न विचारू नये. का गेलीस, का थांबलीस, का बोलली नाहीस. त्या ‘का’ची उत्तरं ती स्वतःला रात्र-रात्र देत असते.

देसाईगंजच्या खटल्याच्या कागदांत सगळ्यांत जास्त मी परत वाचते तो भाग निकालाचा नाही, त्या रात्रीचा आहे. ठाण्याचे दिवे मालवले आणि दार आतून लागलं, तशी बाहेर थांबलेल्या माणसांना शंका आली. ती सगळी मागच्या बाजूला गेली. ज्या बाईच्या घरी मुलगी कामाला जायची, ती अंधारात तिला नावाने हाका मारू लागली. आतून उत्तर आलं नाही. हाका ऐकून लोक जमले. मग हवालदार मागच्या बाजूने बाहेर आला आणि म्हणाला, मुलगी केव्हाच गेली. तो निघून गेल्यावर थोड्याच वेळात तीही मागच्याच बाजूने बाहेर आली आणि काय झालं ते तिने सांगितलं. जमाव वाढत गेला. शिपायाला बडवून काढू, ठाणं पेटवून देऊ, असं लोक म्हणू लागले. तेव्हा कुठे तिची फिर्याद लिहून घेतली गेली.